काळी एक

आमच्या घरी जो सगळ्यात लहान, तो सगळ्यात जास्त बोंबलायचा. आणि जो सगळ्यात मोठा, त्याचं शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जायचं नाही. हे मी पाव्यांबद्दल लिहिते आहे. माणसांचंही तसंच होतं, पण ते ओघानं येईल.

माझे बाबा पावे करायचे. देवाच्या फोटोत असते ती आडवी बासरी वेगळी. आमचा पावा उभा, तोंडात धरून सरळ फुंकायचा. बांबूच्या कांडीच्या तोंडाशी सागाच्या लाकडाचा डट्टा ठोकून बसवायचा, डट्ट्याच्या अंगाला बारीक फट ठेवायची, आणि फटीतून गेलेली फुंक पुढच्या खिडकीच्या धारेवर आपटली की आवाज निघायचा. त्याच्याखाली बोटांसाठी सहा भोकं. आडव्या बासरीसाठी ओठ तयार करावे लागतात, पाव्याला नुसता श्वास पुरतो. म्हणून यात्रेत तो कुणीही घ्यायचं आणि घरी पोचेपर्यंत सगळ्या बैलगाडीला नकोसं करून सोडायचं. आम्ही जातीनं शेतकरी, फक्त शेत नव्हतं. बाबा पोरवयात चांदूर बाजारला रहीमचाचा नावाच्या कारागिराकडे कामाला राहिले आणि तिथेच हा हुन्नर शिकले. चाचांचं एक वाक्य ते येता-जाता ऐकवायचे, "छेद सलाख से नहीं, कान से होता है, बेटा." ते ऐकलं की माय म्हणायची, "मंग कानातच तापवत जा सळया. माया चुलीतून काढा."

कारण सळया आमच्या स्वयंपाकाच्या चुलीतच तापायच्या. वर तव्यावर ज्वारीची भाकर, खाली निखाऱ्यात खुपसलेल्या सळया. इकडे भाकर फुगायची आणि तिकडे सपरीत, म्हणजे पुढच्या पत्र्याखाली, बाबा तापलेली सळई बांबूला टेकवायचे तेव्हा चर्र व्हायचं. तो करपट धूर आमच्या केसांना होता, कपड्यांना होता, वरणालासुद्धा होता. अमरावतीत आमच्या गल्लीत नवीन माणूस आलं की वास घेत विचारायचं, काय जळून राह्यलं? आम्हाला तो वास येतच नसे. घरात जवस फार लागायची. जवसाचं तेल पाव्यांना आणि जवसाची चटणी आम्हाला. तेल कमी पडलं तर आधी पाव्यांना, असा बाबांचा न्याय होता. उन्हाळ्यात माय आणि आत्या सरगुंडे करायला बसायच्या. आत्या म्हणजे बाबांची विधवा बहीण, ती आमच्याकडेच राहायची. कणकेची बारीक दोरी काडीवर गोल गोल गुंडाळायची, वाळली की काडी ओढून घ्यायची, पोकळ नळी उरते. ती उकडून आंब्याच्या रसासोबत खायची. काड्या अर्थातच बाबांच्या टाकलेल्या बांबूच्या. बाबा एखादा वाळलेला सरगुंडा उचलून फुंकायचे आणि गंभीर तोंडानं म्हणायचे, "ह्याची पट्टी लागत नाई." आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुयी तरी कुठं लागते?"

पट्टी हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द होता. एका भजनी मंडळानं नवी पेटी घेतली तेव्हा जुनी बाबांनी उचलून आणली होती. तिचा भाता दोन ठिकाणी शिवलेला, पण सूर पक्के. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांनाच गाणारे लोक नावं देतात: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच. पावा लांब आणि जाड, तर त्याचा सूर खाली. आखूड, तर सूर वर. बाबा प्रत्येक पावा पेटीशी जुळवायचे आणि त्याच्या गळ्यात दोरा बांधायचे. काळीचा असेल तर काळा दोरा, पांढरीचा असेल तर पांढरा, आणि जितक्या नंबरची पट्टी तितके वेढे. सगळ्यात मोठी काळी एक, हातभर लांब. तिला कुणी गिऱ्हाईक नसायचं. लोकांना वाटायचं एवढा मोठा पावा म्हणजे गाव दणाणून सोडेल, आणि फुंकून पाहिला तर तो घोगरा, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. लोक तो खाली ठेवायचे आणि बोटाएवढा टीचभर पावा उचलायचे, जो कोणत्याच पट्टीत नसायचा पण तीन शेतांपलीकडे ऐकू जायचा. बाबा म्हणायचे, "जो लहान तो बोंबलते. तुमी बजारात पाहा का सभेत पाहा."

परवा इथे अकोल्यात, माझ्या मुलाच्या घरी, नात मनू शाळेतून आली आणि म्हणाली, रेकॉर्डर पाहिजे. मुलगा म्हणाला, मोबाईलमध्ये आहे की, वेगळा कशाला? शाळेतही त्यानं तसंच कळवलं. मग मनूनं मैत्रिणीकडचा आणून दाखवला. प्लास्टिकचा, पिवळट पांढरा. तोंडाशी डट्टा, पुढे खिडकी, खाली भोकं. म्हणजे पावाच. मागे अंगठ्यासाठी एक जास्तीचं भोक, एवढंच त्यांचं शहाणपण. मनू म्हणाली, "आजी, ह्याची पूर्ण फॅमिली असते. सगळ्यात छोटा सोप्रानिनो, मग हा सोप्रानो, मग आल्टो, टेनर, बास. बास तर तुझ्याएवढा असतो!" मी म्हटलं, "मंग तो हळू बोलत असंन." तिनं डोळे मोठे केले. "तुला कसं माहीत?" मी काही सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर हे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तिला क्लासला जायचं होतं. म्हणून लिहिते आहे.

तर बाबांना माणसांच्याही पट्ट्या काढायची खोड होती. माय बोलायला लागली की ते पेटीवर बोट ठेवून पाहायचे. माय काळी पाच निघाली. आत्या त्याच्याही वर; "हिच्यासाठी पेटी वाढवा लागीन," असं ते म्हणाले. माझी थोरली बहीण पांढरी पाच. आणि मी काळी एक. ही भजनी मंडळातल्या बुवांची पट्टी. बाबा आनंदानं सगळ्यांना सांगायचे की ही जन्मल्यावर रडली तेव्हाच मला शंका आली होती. माझा आवाज लहानपणापासून असा खालचा, भरड. मी पाठमोरी असताना बोलले तर नवा माणूस मुलगा समजून बोलायचा. गल्लीतली पोरं मला वनीबुवा म्हणायची. माझं नाव वनमाला. शाळेत प्रार्थनेला बाईंनी एकदा सगळ्या वर्गाला थांबवलं, रांगेतून फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "वनमाला, तू फक्त ओठ हलव हं." बाई चांगल्या होत्या. मी चौथीपर्यंत ओठ हलवले. पाचवीची शाळा दूर होती, माय म्हणाली आता पुरे, आणि मीही हट्ट केला नाही. ओठ हलवायला एवढ्या लांब कोण जाणार?

तेव्हापासून मी बोलणंच कमी केलं. बाबा एकटे म्हणायचे, "आवाज खराब नाई तुया. पट्टी खालची हाय, बस. खालच्या पट्टीले खराब म्हंत नाई." त्यांनी माझ्यासाठी एक काळी एक वेगळी काढून ठेवली होती. तिचा बांबू त्यांनी कितीतरी दिवस सावलीत वाळवला होता. मुलीला लग्नात पावा द्यायचा ही त्यांची रीत. थोरलीला पांढरी चार दिली होती. थोरली म्हणाली, माया पट्टीचा काऊन नाई? तर म्हणाले, तुया पट्टीचा दिला तं सासरचे दोघींले एका दिवशीच हाकलतीन. माझी काळी एक मात्र फडक्यात बांधून आतल्या खोलीत ठेवली होती. फडकं तिथेच राहील अशी लक्षणं दिसायला लागली. पाहायला आलेले पाहुणे नाव विचारायचे, मी "वनमाला" म्हणायची, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा एकीनं विचारलंच, "पोरीले पडसं झालं का?" माय घाईनं म्हणाली, "हो, जरासं हाय." पुढच्या पाहुण्यांच्या वेळीही पडसं होतं. त्याच्या पुढच्याही. गल्लीत बोलायला लागले की ह्या पोरीचं पडसं वैशाखातही उतरत नाही. मायच्या तोंडातला घास फिरायला लागला. मला लग्नाची फार हौस होती असं नाही, पण घरात आपल्यामुळे कुजबुज चालते आणि आपला आवाज हेच तिचं कारण आहे, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला कळायचं नाही.

अशात एक दिवस बाबा बाजारातून रिकामी झोळी घेऊन घरी आले. सगळा माल खपला होता. खपला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं, कारण एसटीची वाट पाहत बसताना बाकावर शेजारी बसलेल्या नामदेवरावांना पावे दिसले असते. नामदेवराव आमच्याच जातीतले, सोयरिकी जुळवायची हौस असलेले. बाबांच्या अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, खिशात बाजाराचा आनंद. नामदेवरावांनी विचारलं, पोरीबाळी किती? बाबा म्हणाले, एक उजवली, एक हाय. नामदेवराव म्हणाले, पोरीले काय द्यान? बाबांनी खरं ते सांगितलं. घरी आल्यावर मायलाही तसंच सांगितलं, "तेल्हाऱ्याकडची पार्टी हाय. मोठे शेतकरी. हुंड्याचं नाव नाई. पोरीले काय द्यान, येवढं पुसलं फक्त. म्या सांगतलं, जे हाय ते."

"जे हाय ते म्हंजे काय?" माय म्हणाली. "हाय काय आपल्याजवळ?"

"तेच सांगतलं. थोरलीले पांढरी चार देल्ली, हिले काळी एक ठेवली हाय. लय खूश झाला मानूस."

मायनं कपाळाला हात लावला, पण तो पाव्यांसाठी. तिला वाटलं, पाव्यावर खूश होणारे लोक असतील तर असोत बापडे. त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही की आमच्या घराबाहेरच्या सगळ्या वऱ्हाडात काळी म्हणजे काळ्या मातीचं वावर, म्हणजे शेत, आणि पांढरी म्हणजे गावातली राहायची जागा.

मायचं सगळं लक्ष माझ्या आवाजावर होतं. ह्या वेळी पडसं चालणार नव्हतं. आत्यानं तोड काढली. पाहुण्यांच्या मागे आतल्या खोलीचा पडदा होता. त्याच्याआड ती लहान पावा घेऊन बसेल, मी उत्तर द्यायच्या आधी हळूच सूर देईल, आणि मी त्या सुरात बोलायचं. रोज भांडी झाली की सराव. पडद्यामागून "पीं" व्हायचं आणि मी "वनमाला" म्हणायची. बाबांना ते बघवत नसे. "चुकीच्या पट्टीत बोलाले लावता तिले. बेसूर होईन पोरगी."

"बेसूर चालीन," माय म्हणाली. "बिनलग्नाची नाई चालनार."

पाहुणे आले ते नामदेवरावांसकट. मुलाचे आई-वडील, मुलगा, आणि मुलाचे आजोबा. आजोबांना सगळे आबाजी म्हणत. त्यांना ऐकू येत नाही, हे नामदेवरावांनी दारातच सांगितलं, हा खाटेचा पाय जरा हलतो हं, असं सांगावं तसं. आबाजींना खरोखरच खाटेवर बसवलं. मायनं आलूपोहे केले होते, वर भरपूर सांबार, म्हणजे पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. मुलाच्या आईनं सासऱ्यासमोर बशी धरली आणि पत्रा हलेल अशा आवाजात म्हणाली, "मामाजी! पोहे घ्या!"

"कोनाचे पोट्टे?" आबाजी म्हणाले.

"पोहे! पोहे!" तिचा आवाज आत्याच्याही वर गेला. आबाजींनी मान डोलावली आणि बशी बाजूला ठेवून दिली. ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. पुष्कळ दिवस कुणी काही सांगितलेलं नाही असा तो चेहरा होता. मुलगा आपल्या बशीतले दाणे वेगळे काढत होता.

मग मला बोलावलं. मुलाच्या आईनं विचारलं, "नाव काय बाई?" पडद्यामागून "पीं" झालं. "हे काय वाजलं?" ती दचकली. "शेजारचं पोट्टं," माय म्हणाली. मी जीव मुठीत धरून "वनमाला" म्हटलं. शेळीचं पिल्लू दावणीत अडकल्यावर ओरडतं तसं ते निघालं. पण पाहुणीला ते पसंत पडलं. "आवाज नाजूक हाय," ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

इथे मुलाचे वडील पुढे सरकले. त्यांना माझ्या आवाजात काही रस नव्हता.

"मंग दादा, नामदेवराव म्हनत होते, तुमच्याकडे काळी हाय."

बाबांचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्या कामाबद्दल आजवर कोणत्याच पाहुण्यानं विचारलं नव्हतं. "हाय न जी! हिच्यासाठीच ठेवली."

"चांगली हाय?"

"एक नंबरची. तिच्यावानी दुसरी अमरावतीत दाखवा."

"पानी कसं हाय तिले?"

"पान्यापासून जपा लागते जी. पानी लागलं का फुगते."

"हो, काळी फुगतेच," मुलाचे वडील समजूतदारपणे म्हणाले. "अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात भेग पडते. म्हनून मी जवस लावतो."

"जवस! वा. आमी बी मागच्या साली लावली होती." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "अन् भोकं पाडले का?" तेव्हा गावोगावी विहिरी आटल्या होत्या आणि ज्याला जमेल तो बोअर खोदत होता.

"सहा पाडले," बाबा म्हणाले.

"सहा!"

"सहाच्या सहा चालू. बोट ठेवलं का बंद, उचललं का सुरू."

"आयकलं का व?" मुलाचे वडील बायकोला म्हणाले. "बटनावर हाय सगळं."

माणूस गप्प राहिला की त्याला दोन्हीकडचं ऐकू येतं. मी खाली मान घालून बसले होते आणि मला कळलं की एकाच खोलीत दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत, आणि दोन्ही तंतोतंत जुळत आहेत. मी मायकडे पाहिलं. तिला माझ्याआधीच कळलेलं होतं. तिचे डोळे मला एवढंच सांगत होते, गप राहा. पडद्यामागेही सगळं शांत होतं. आत्या इतका वेळ कधी शांत राहिलेली नव्हती. सगळ्या घरात एकट्या बाबांना काही माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनासारखं गिऱ्हाईक भेटलं होतं.

"तं मंग जमलं समजा," मुलाचे वडील म्हणाले. "लग्न झालं का काळी पोराच्या नावानं करून द्या."

"नाव कोरूनच देतो," बाबा म्हणाले.

"यंदा तिच्यात पऱ्हाटी लावतो मी."

"कायच्यात?" बाबा म्हणाले.

ते हसत होते. पाव्यात कापूस लावायचा, काहीतरी गंमत चालली आहे असं त्यांना वाटलं. मला दिसत होतं की आता नाही तर लग्नानंतर हे लोक बाबांना लबाड म्हणतील, आणि कशाबद्दल म्हणतात हेसुद्धा बाबांना कळणार नाही. मी सूर मिळायची वाट पाहिली नाही. म्हणजे मी काही धीट झाले असं नाही. सुराचं मी विसरूनच गेले.

"काळी म्हंजे वावर नोहे जी," मी म्हटलं. "बाबा पावे बनोतात. काळी एक हा पाव्याचा सूर हाय. वावर नाई आमच्याकडे."

खोलीत माझा आवाज, माझ्या स्वतःच्या पट्टीतला, जाड गोधडीसारखा पसरला. मुलाच्या आईच्या हातातून चमचा पडला. नामदेवराव छताकडे पाहायला लागले. आणि खाटेवरून आबाजी म्हणाले, "पावे बनोतात? वावर नाई म्हंते?"

कुणी ओरडलं नव्हतं. कुणी त्यांच्या कानाशी गेलं नव्हतं. मुलाच्या आईनं हळूहळू मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं.

"हे कोन बोललं?" आबाजींनी विचारलं.

"मी बोलली, आबाजी."

"पुन्ना बोल."

"काय बोलू?"

"काईबी बोल."

मला काय सुचणार? "तुमचे पोहे थंड झाले," मी म्हटलं. "खाऊन घ्या."

"हो, खातो," आबाजी म्हणाले, आणि बशी उचलून खायला लागले.

पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरनं मला सांगितलं की म्हातारपणी कानातले वरचे सूर आधी जातात, खालचे मागे राहतात. त्या घरातल्या सगळ्या बायका वर वर चढत ओरडत होत्या आणि आबाजींपासून लांब लांब जात होत्या. त्या दिवशी हे कुणाला माहीत नव्हतं. मुलाच्या वडिलांना तर त्यात काही विशेषही वाटलं नाही. ते उठून उभे राहिले होते. "वावर नाई तं सोयरीक कायची? चला!"

"काय म्हंते तो?" आबाजींनी मला विचारलं. त्यांना खात्री होती की मी सांगेन.

मी सांगितलं. "ते म्हंतात, वावर नाई तं सोयरीक नाई."

आबाजींनी शेवटचा घास खाल्ला, मिशी पुसली. "त्याले सांग, वावर आपल्याकडे बी हाय. ऐकू येनारं मानूस नाई घरात."

मुलाचे वडील माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलेलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून मी खाली मान घालून त्यांना सांगितलं, "आबाजी म्हंतात, वावर आपल्याकडे बी हाय."

"आयकलं म्या!"

"काय म्हंते?"

"आयकलं म्हंतात."

"मंग हेही सांग," आबाजी म्हणाले, "का सारी काळी अजून माया नावानं हाय."

हे मला सांगावं लागलं नाही. मुलाचे वडील खाली बसले. मुलाच्या आईनं पडलेला चमचा उचलून पदराला पुसला. कुणीतरी मुलाला विचारलं, तुयं काय म्हननं? त्यानं दाणे बाजूला केलेली बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "आबाजी म्हंतीन तसं." संसारात पुढेही ते हेच वाक्य बोलत आले, फक्त आबाजींच्या जागी ज्याचं त्याचं नाव घालून. पडद्यामागून आत्यानं आनंदाच्या भरात एक जोरदार "पीं" काढली, आणि माय दमलेल्या आवाजात म्हणाली, "शेजारचं पोट्टं."

अशी मी तेल्हाऱ्याच्या घरात गेले. जी मुलगी नुसते ओठ हलवून शाळेतून निघाली, तिचं सासरचं काम बोलणं हे ठरलं. सकाळी चहापासून मी आबाजींच्या खाटेशी उभी. कापूस काय भावानं गेला, ते मी सांगायचं. कोण वारलं, कोणाला मुलगा झाला, कोणी बांध कोरला, मी सांगायचं. सासऱ्यांना बापाशी भांडायचं असलं तरी ते माझ्यामार्फत. शिव्या मी गाळून सांगायची, आबाजी म्हणायचे, "येवढंच म्हनला? तोंड तं लय हलत होतं त्याचं." सासूबाईंनी मला मनापासून कधी माफ केलं नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं घसा फोडला त्यांनी, आणि ऐकू आली मी. बाबांनी नाव कोरून दिलेली काळी एक माझ्या ट्रंकेच्या तळाशी होती. एकदा आबाजींना ती वाजवून दाखवली. ते म्हणाले, "बाप बी तुयाच आवाजाचा हाय का?" बाबांना हे कळवलं तेव्हा, माय सांगायची, ते दिवसभर कामाला बसले नाहीत.

आबाजी गेल्यावर घरातलं माझं बोलणं आपोआप थांबलं. सगळ्यांना ऐकू येत होतं; माझी गरज नव्हती. शेजारणी म्हणायच्या, सून आता कशी गंभीर झाली. अकोल्याला आलो, मुलं मोठी झाली, आणि मी पुन्हा ओठ हलवण्यावर आले. काही वाईट नाही त्यात. सवय होती.

मनूला शेवटी रेकॉर्डर आणला. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहून वाजवते. खालचे सूर येतात, मग तिची बोटं वर सरकतात, गाल फुगतात, भुवया चढतात, आणि मला काहीच ऐकू येत नाही. नुसती एक मुलगी फुंकते आहे आणि खोली शांत आहे. संपलं की ती विचारते, "कसं झालं?" मी मान डोलावते, आबाजी डोलवायचे तशी. मुलगा म्हणतो कानाला मशीन लावू. सून काही सांगायला येते तेव्हा तिचा आवाज वर वर चढतो, आणि मला सासूबाईंची आठवण होते.

काल मी ट्रंकेच्या तळातून काळी एक काढली. फडकं विरलं होतं, दोरा मात्र काळाच होता. जवसाचं तेल लावून पुसली. मनूची बोटं भोकांपर्यंत पोचेनात, म्हणून तिनं तोंडाशी धरली आणि बोटं मी ठेवली. तिनं फुंकलं. भाकरीचा वास आला, करपट बांबूचा आला. आवाज आला, सगळाच्या सगळा, मी बोट उचललं तिथे उघडला आणि ठेवलं तिथे मिटला.

मनूनं तोंड बाजूला केलं. "आजी, एवढा मोठा आहे आणि किती हळू वाजतो! काही ऐकूच येत नाही."

"मले येते," मी म्हटलं. "फुंक."